फोन चार्जिंगला, गणित संशोधनाचे

खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या तबकड्या जुन्नर-आंबेगाव भागातील लोकांना नव्या नाहीत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. १४ खोडदजवळ एकत्र आणि १६ तीन दिशांना दूरवर. सगळ्यांचे संकेत एकत्र केले की त्या एकाच प्रचंड दुर्बिणीसारखे काम करतात. औषध संशोधनातही काहीशी अशीच युक्ती वापरली जाते. तेथे तबकड्यांच्या जागी आपले संगणक आणि मोबाईल असतात.

क्षयाचेच पाहा. या जंतूभोवती मेणासारखे चिवट आवरण असते, त्यामुळे औषध आत शिरणे अवघड जाते. या आवरणातील रेणू कसे हलतात, कसे दुमडतात, हे तपासायचे तर गणित अफाट. म्हणून नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ते काम तुकडे करून जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर वाटले. ज्या ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’वर हे झाले, ती आयबीएम कंपनीने २००४ मध्ये सुरू केली व २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे सोपवली. मोबाईलची पाळी २०१३ मध्ये आली. त्या वर्षी ‘बॉइंक’ हा प्रोग्रॅम अँड्रॉइड फोन व टॅब्लेटवर आला आणि एड्सवरील औषधाच्या शोधाचे गणित फोनवर होऊ लागले.

यात आपल्याला करायचे फारसे काही नसते. फोन चार्जिंगला लागलेला, बॅटरी जवळजवळ भरलेली आणि वायफाय जोडलेले असेल तेव्हाच काम चालावे, अशी या प्रोग्रॅमची मूळ रचना आहे. गणिताचा तुकडा येतो, सुटतो, उत्तर परत जाते. आपला रक्तगट, आजार, तपासणीचे कागद यातले काहीही लागत नाही. संशोधनाच्या नावाखाली कोणी बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला, तर ती सरळ फसवणूक समजावी.

खरी काळजी उष्णतेची. सतत गणित करणारा फोन तापतो, आणि तापाने बॅटरी लवकर म्हातारी होते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात हा उद्योग नकोच. फोन उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नये, कडक सपाट जागेवर उघडा ठेवावा. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावूच नये. घरात एकच फोन असेल आणि रात्री-अपरात्री १०८ ला फोन करण्याची वेळ येण्यासारखे आजारी माणूस असेल, तर तो फोन या कामाला लावू नये, असे आम्हाला वाटते. कपाटात पडलेला, पण बॅटरी धड असलेला जुना टॅब्लेट त्यापेक्षा बरा. (दुर्बीण पाहायला जाणार असाल तर मोबाईल बंदच ठेवावा लागतो, त्याच्या लहरी तिच्या कामात अडथळा आणतात.)

आणखी एक. असा प्रोग्रॅम फोनवर असला म्हणून फोन आपला आजार ओळखत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटू लागले, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत मिळतात.