मोडीत गेलेला अडकित्ता आणि काका केळकर

मैत्रिणींनो, माळा आवरायला काढला की आपण सगळ्याजणी सारख्याच होतो. डोक्याला फडकं बांधायचं, पदर खोचायचा आणि 'हे कशाला ठेवलंय इतकी वर्षं?' असं पुटपुटत एकेक वस्तू खाली टाकायची. आज मी तुम्हांला माझ्या अशाच एका आवराआवरीची गोष्ट सांगणार आहे. ती काही फारशी अभिमानाची नाही.

आमचं बिऱ्हाड पेणला, पण सासरचं जुनं घर रोह्याला. कौलारू, मातीच्या भिंतींचं. दर पावसाळ्यात त्याची डागडुजी करून यजमान आणि दीर थकले होते. शेवटी ते पाडून नवं बांधायचं ठरलं. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या. सुट्टी माझ्या शाळेला, म्हणून घर रिकामं करण्याचं काम आलं माझ्याकडे.

माळ्यावर काय नव्हतं! तळ झिजलेला तांब्याचा बंब, शेवयांचा लाकडी साचा, फुटक्या कडीचा डबा, दोन हंडे, एका शेंगेची चोच मोडलेला लामणदिवा. आणि एका चिंधीत गुंडाळलेला पितळी अडकित्ता. दांड्याच्या टोकाला दोन पोपट, पातं गंजलेलं. आमच्या घरात सुपारी आता कोणी खात नाही. मी सगळं एकत्र करून मोडीत घातलं. काट्यावर वजन झालं, नोटा हातात पडल्या. त्यात थोडी भर घालून मी छानसा मिक्सर घेतला आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झाले.

सासूबाई परत आल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली, "अगं, चिंधीत बांधलेला अडकित्ता कुठं ठेवलास?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "गेला तर गेला. माझ्या आजेसासूबाई दुपारच्या वेळी त्यानं सुपारी कातरत बसायच्या. मी नवी नवरी होते. बोलायची भीती वाटायची, तर त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि जवळ बसवून घेतलं." एवढं बोलून त्या देवापाशी गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मोडवाल्याकडे धावले, पण माल केव्हाच पुढे गेला होता, भट्टीकडे.

त्यानंतर काही महिन्यांनी शाळेची सहल पुण्याला निघाली. मुलांची उलटी, पाण्याच्या बाटल्या, खोपोलीचा घाट, सगळं पार पडलं आणि आम्ही शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पोचलो. मला वाटलं होतं, तलवारी आणि मूर्ती असतील. त्या आहेतच. पण एका कपाटापुढे माझी पावलं थबकली. काचेमागे अडकित्तेच अडकित्ते! कुणाला पक्ष्याचा आकार, कुणाला घोड्याचा, कुणाला माणसांच्या जोडीचा. तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी मोठ्यानं म्हणाली, "बाई, असला तर आमच्या आजीकडे आहे!" मी तिला म्हटलं, "आजीला सांग, जपून ठेव." आणि माझा आवाज जरा घोगरा झाला.

हे सगळं जमवलं कुणी? दिनकर गंगाधर केळकर यांनी. लोक त्यांना प्रेमानं 'काका' म्हणत. त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, आणि मनानं ते कवी. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. इतिहासाची ओढ होतीच. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि तो नाद पुढे जन्मभर सुटला नाही. गावोगाव, वाड्यावाड्यांतून, जुन्या घराण्यांतून ते फिरले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, ते गेले. तोवर त्यांनी २०,००० हून अधिक वस्तू जमवल्या होत्या. जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, वस्तुसंग्रहालयं पुष्कळ आहेत. खरं आहे. मुंबईचं मोठं संग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. पण राजाचा मुकुट किंवा देवळातली मूर्ती मोलाची आहे, हे सांगायला कुणी लागत नाही. केळकरांची नजर स्वयंपाकघरात, माजघरात, न्हाणीघरात गेली. विळ्या, किसण्या, शेवयांचे साचे, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, चुन्याच्या डब्या, सोंगट्या, गंजिफा, बाहुल्या. पाय घासायची साधी वज्री घ्या. बुडाला खरखरीत, पण वर मोर नाहीतर हत्ती बसवलेला! टाच घासायच्या वस्तूवरही कारागिराला मोर बसवावासा वाटला आणि ती वापरणाऱ्या बाईला तो हवासा वाटला. आपल्या आज्या-पणज्यांना सौंदर्याची हौस नव्हती, त्या नुसत्या राबत होत्या, असं आपण समजतो ना? त्या कपाटांपुढे उभं राहिलं की तो समज गळून पडतो.

दिव्यांचं दालन तर पाहतच राहावं असं. समया, लामणदिवे, निरांजनं, हातात दिवा धरून उभ्या असलेल्या दीपलक्ष्मी. दिव्यांवर केळकरांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. वाद्यांचं दालन आहे, कोरीव दरवाजे आहेत, चित्रकथींची जुनी चित्रं आहेत. आणि मस्तानी महाल! पहिल्या बाजीरावानं मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले. लोक मोडीत काढत होते, ते त्यांनी उचललं.

संग्रहालय सांभाळणाऱ्याला मराठीत अभिरक्षक म्हणतात. नुसतं जमवणं म्हणजे अभिरक्षण नव्हे. तसं तर आपण रिकाम्या बाटल्याही जमवतो. काय ठेवायचं हे पारखायचं, ती वस्तू कुठली, कुणाची, कशासाठी हे विचारून घ्यायचं, ओल आणि किडीपासून ती वाचवायची, आणि पाहणाऱ्याला तिची गोष्ट कळेल अशी ती मांडायची. केळकरांनी हे सारं आधी आपल्या घरात, आपल्या पैशानं केलं.

आणि इथे मला कमलाबाई आठवतात. त्यांच्या पत्नी. आपण गृहिणी आहोत, आपल्याला हे लगेच कळेल. नवरा आज एक दिवा घेऊन येतो, उद्या दरवाजा, परवा पेटारा. घर ते, संसार तोच, मिळकत ठरलेली. त्या घराचं हळूहळू संग्रहालय होत असताना कमलाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि कामातही सोबत राहिल्या. अशा साथीवाचून हे काम सत्तर वर्षं चाललंच नसतं.

संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे कुणी राजेमहाराजे नव्हेत, मैत्रिणींनो. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच, सातव्या वर्षी गेला. त्या दुःखी आईबापांनी त्याचं नाव या संग्रहाला दिलं. आणि मग जन्मभर जमवलेलं हे धन विकून पैसा न करता त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवलं. माझ्या मनात आलं, मी वजनावर विकलं आणि त्यांनी उभं आयुष्य वेचून तसंच जमवलं, सगळ्यांना पाहायला मिळावं म्हणून देऊन टाकलं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. "आई, माझं चुकलं," असंही म्हटलं. ते आधीच म्हणायला हवं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग उठल्या, आपली ट्रंक उघडली आणि तळातून एक छोटी वज्री काढली. वर बदक, चोच झिजलेली. "ही माझ्या आईची. तुझ्या हाती द्यावी की नाही, या विचारात होते." आम्ही दोघी हसलो. त्या रात्री शाळेची एक कोरी वही काढली आणि त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पहिलं पान मी त्या अडकित्त्याला दिलं. वस्तू नाही, निदान तिची गोष्ट तरी राहू दे.

तुम्हीही अशी वही करा. तिच्यासाठी अनुभवातून आणि वाचनातून सुचलेल्या चार गोष्टी सांगते.

घरातली जुनी वस्तू मोडीत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा. नाव काय, कुणाची, कुठून आली, कशाला वापरत, हे लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा आणि वहीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून वस्तूला दोऱ्यानं बांधा. चिठ्ठी चिकटवू नका.

रोजच्या पितळेला चिंच लावा, पण लगेच स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडं करा. जुन्या, नक्षीच्या वस्तूला मात्र तारेची घासणी किंवा घासायची पावडर लावू नका, नक्षी झिजते. मऊ फडक्यानं पुसणं पुरे.

आपल्या कोकणात खरा शत्रू म्हणजे ओल. लाकडी वस्तू भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. पावसाळा संपला की ट्रंका उघडून सगळं सावलीत वाऱ्यावर ठेवा. जरीच्या लुगड्यांच्या घड्या बदला, नाहीतर घडीवरच ती चिरतात. डांबरगोळ्या थेट जरीवर टाकू नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशातल्या लेकीसुनेला परस्पर पाठवू नका. १९७२ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे.

सगळंच जपता येणार नाही, हे मलाही कळतं. दोन खोल्यांच्या घरात बंब कुठे ठेवणार? पण एक तरी वस्तू ठेवा, आणि बाकीच्यांची गोष्ट लिहा. पुण्याला गेलात तर तुळशीबागेची खरेदी उरकल्यावर जवळच असलेल्या या संग्रहालयात जा. मुलांना न्या, जमलं तर सासूबाईंना न्या. मी आमच्या सासूबाईंना येत्या दिवाळीनंतर नेणार आहे. अडकित्त्यांच्या कपाटापुढे त्यांना पोटभर उभं राहायचं आहे.