फॉस्फेट एस्टरे

फॉस्फोरिक अम्लातील एक, दोन अथवा तिन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी अल्किल वा अरिल गट येऊन बनलेली कार्बनी संयुगे. त्यांना अनुक्रमे मोनो-, डाय- व ट्रायएस्टरे म्हणतात.

फॉस्फोरिक अम्ल व अल्कोहॉल यांच्या सरळ विक्रियेने समाधानकारक उत्पादन मिळत नाही, म्हणून अधिक विक्रियाशील असे फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड वापरतात. त्याच्या एका रेणूपासून ब्युटिल अल्कोहॉलाच्या तीन रेणूंबरोबर ट्रायब्युटिल फॉस्फेट व हायड्रोजन क्लोराइडाचे तीन रेणू तयार होतात. हायड्रोजन क्लोराइड मिश्रणात राहिल्यास एस्टरातील अल्किल गट सुटून ब्युटिल क्लोराइड बनते. हे टाळण्यासाठी पिरिडीन हा क्षारक घालतात, मिश्रण थंड ठेवतात व ऑक्सिक्लोराइड थेंबाथेंबाने मिसळतात. ते पाण्याशी जोराने विक्रिया पावत असल्याने उपकरणे कोरडी लागतात. उच्च तापमानास एस्टराचे अपघटन (रेणूचे तुकडे होणे) होते, म्हणून शेवटचे ऊर्ध्वपातन कमी दाबाखाली करतात. फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरल्यास मुख्यतः मोनो- व डायएस्टरांचे मिश्रण मिळते.

वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढण्यास ट्रायब्युटिल फॉस्फेट वापरतात. तुर्भे येथील १९६४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प याच पद्धतीवर आधारलेला होता.

क्रेसॉल या फिनॉलापासून बनणाऱ्या एस्टरांपैकी ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट तंत्रिका तंत्रास घातक आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात त्याची भेसळ झाल्याने हजारो लोकांचे पाय लुळे पडले. म्हणून अशा एस्टरांच्या निर्मितीत कच्च्या क्रेसॉलातील ऑर्थो घटकाचे प्रमाण अत्यल्प ठेवणे आवश्यक असते.