‘मॅनेजरच्या परवानगीने’ म्हणजे नेमकं कोणाच्या मर्जीने?

परभणीहून पुण्याला निघालेल्या गाडीत उभे असाल आणि इअरफोन बॅगेत खोल कुठेतरी अडकला असेल, तर हा एपिसोड वाचूनच काढा. विषय आहे वर्क फ्रॉम होमचा. ते चांगलं की वाईट, हा वाद आज नको. आज एवढंच बघू, की ते कोणाला मिळायचं हे ठरवतं कोण?

आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी गंगाखेडचा, नोकरी पुण्यात. 2022 च्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन परभणीला झालं. घरात दुसरं कोणी नाही. कंपनीच्या पॉलिसीत लिहिलेलं होतं: आठवड्याला दोन दिवस घरून, त्याहून जास्त हवं असेल तर मॅनेजरच्या परवानगीने. मी सहा आठवडे मागितले. क्लायंट जर्मनीत, काम सगळं लॅपटॉपवर. म्हटलं, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आपली म्हण एकदाची खरी करून दाखवू!

सर म्हणाले, “बघू.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. “बघू, सध्या प्रोजेक्ट नाजूक आहे.” तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. शेवटी बिनपगारी रजा टाकली. महिन्याचा पगार गेला, हप्ता थकला. आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टीममधल्या मित्राला वडिलांच्या आजारपणासाठी चंद्रपूरहून दोन महिने काम करायला मिळालं. एचआर तोच, पॉलिसीची पीडीएफ तीच. फरक फक्त मॅनेजरचा.

लई राग आला होता. पण गोष्ट इथं संपत नाही.

खुर्ची बदलली की

दोन वर्षांनी मी टीम लीड झालो. टीममधली जिंतूरची एक मुलगी माझ्याकडे आली. “दादा, भावाची बारावी आहे, आई एकटीच आहे. दोन महिने घरून करू का?” आणि माझ्या तोंडून काय निघालं? “बघू.”

त्या रात्री झोप आली नाही, कारण आता सरांचं डोकं कसं चालत होतं ते मला कळलं होतं. ‘हो’ म्हटलं आणि काम लटकलं, तर वरून बोलणी मला बसणार. ‘नाही’ म्हटलं, तर त्याची किंमत ती मोजणार, आणि ती कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसणार नाही. शिवाय एकीला दिलं की उद्या पाच जण दारात उभे. मग सगळ्यात सुरक्षित उत्तर कोणतं? ‘बघू’. त्यात हो नाही, नाही नाही, आणि जबाबदारीही नाही.

मग मॅनेजरचा अधिकार काढूनच टाकायचा का?

नाही. पॉलिसीत सगळं लिहिता येत नाही. सर्व्हर रूम सांभाळणारा आणि टेस्टिंग करणारी यांना एकच माप लागू होत नाही. नवीन लागलेल्या पोराला शेजारी बसून शिकवावं लागतं, दहा वर्षं काम केलेल्याला नाही. कोणाच्या घरी कोणती अडचण येईल, हे मुंबईत बसून पॉलिसी लिहिणाऱ्याला कसं कळणार? थोडी मोकळीक लागतेच. खरा घोळ असा, की या मोकळिकीला ना कारण द्यावं लागतं, ना मुदत असते, ना तिची कुठे नोंद होते.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे खासगी नोकरीत घरून काम करणं हा सरसकट हक्क नाही. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. कामाचं स्वरूप तसं असेल, तर प्रसूती रजेनंतर घरून काम करू देता येईल, अशी तरतूद त्यात आली. पण शब्द नीट वाचा: ‘देता येईल’. मुदत आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. म्हणजे तिथंही चावी मालकाच्याच हातात.

आता दुसरं उदाहरण बघा. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने एसईझेडमधल्या कंपन्यांसाठी नियम केला: निम्म्यापर्यंत कर्मचारी घरून काम करू शकत होते. त्याहून जास्त लोकांना परवानगी द्यायची असेल, तर विकास आयुक्तांनी कारण लेखी नोंदवायचं. पुढे हा नियम आणखी सैल झाला, पण मुद्दा लक्षात घ्या. तेव्हा एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यालाही कारण लिहावं लागत होतं, आणि आपल्या मॅनेजरचं ‘बघू’ मात्र हवेत विरून जातं.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो. मालक नाही म्हणू शकतो, पण कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच कारण द्यावं लागतं, आणि निर्णय दोन महिन्यांत. तिथंही अधिकार मालकाचाच आहे, फक्त त्याला लगाम आहे.

आणि मॅनेजरची भीती किती खरी? चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत 1,600 हून जास्त कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. 2024 मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. मजेची गोष्ट म्हणजे, आधी मॅनेजरांना वाटत होतं की काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत बदललं. अर्थात, हे दोन दिवसांचं झालं, अख्ख्या दोन महिन्यांचं नाही.

मग मागायचं कसं?

एक, तोंडी नको, मेल करा. दोन, तारखा लिहा: या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. तीन, कोणतं काम कसं कराल ते सांगा. आपल्याकडे लाइट जाते हे लपवू नका. इन्व्हर्टर आहे का, फायबर बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम आहे का, हेही लिहा. चार, आधी दोन आठवडे करून बघू, असं स्वतःच सुचवा. पाच, नकार आला तर नम्रपणे विचारा, “सर, कारण मेलवर मिळेल का? म्हणजे मला पुढच्या वेळी तयारी करता येईल.”

आणि मॅनेजर मंडळींनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट: हो किंवा नाही, जे असेल ते आठ दिवसांत, कारणासकट सांगा. ‘बघू’ म्हणू नका.

जिंतूरच्या त्या मुलीचं काय झालं? सकाळी मी तिला दोन आठवड्यांची मेल पाठवली. दुसऱ्याच आठवड्यात तिचं नेट गेलं. ती बस धरून परभणीला मावशीकडे आली आणि तिथून डेमो दिला. मग उरलेले सहा आठवडेही तिला दिले. नंतर टीममधल्या आणखी दोघांनी अर्ज केला. एकाला हो म्हटलं, एकाला नाही. तो नाराज झाला, पण त्याच्याकडे कारण लेखी आहे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारायची तारीखही.

मला 2022 मध्ये एवढंच हवं होतं.

तुमच्या मॅनेजरचं ‘बघू’ किती दिवसांपासून चालू आहे? आज मेल टाका. भेटू पुढच्या एपिसोडला!