जुन्या गोव्यात एक दिवस

फटाक्यांचा हंगाम सरला की आम्ही तेरखेड्याच्या गटातल्या अकराजणी गोव्याला गेलो. समुद्राआधी जुना गोवा पाहिला.

बॉम जीझस चर्च १६०५ सालचं. बाहेरून उघडा तांबडा जांभा. आम्हाला वाटलं, बांधलंच असं असेल. तसं नाही. वरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून पावसानं दगड झिजतोय. दरसाल भिंतीला चुना मारणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

एकजण दारातच थांबली. "आपल्याला चालतं का आत?" चालतं. अंगभर कपडे हवेत, बोलणं हळू. आत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी आहे. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फोग्गिनी या शिल्पकारानं दहा वर्षं खपून घडवला. १६९८ मध्ये तो इथं बसवला. दारात थांबलेलीच सगळ्यांत उशिरा बाहेर आली.

जेवायला हुमण-भात, माळकरणींनी सोलकढीवर भागवलं. शेवटी बेबिंका. मैदा, नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप. एक थर भाजला की मगच दुसरा ओतायचा, असे सात तरी. आमच्या खजिनदार बाईंनी आधी थर मोजले, मग भाव विचारला.