गनिमी कावा आणि संगणकावरचा फुटबॉल

आमच्या साताऱ्यात खेळ म्हटला की कबड्डी, कुस्ती आणि धावणे. फुटबॉलचे वेड पाहायचे तर महामार्गाने दक्षिणेला सव्वाशे किलोमीटर जाऊन कोल्हापूर गाठावे लागते. तेथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की पेठाच्या पेठा मैदानाकडे लोटतात. अशा स्थितीत, दम्यामुळे कधीच मैदानात न उतरलेल्या माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या डावपेचांवर लेख लिहावा हे धाडसच होय. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

माझा फुटबॉल संगणकावरचा. खेळाचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. इंग्लंडमधील कॉलियर बंधूंनी १९९२ साली बाजारात आणलेल्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’चा हा वारस, २००४ पासून तो या नावाने निघतो. यात चेंडूला लाथ मारायची नसते. आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडू निवडायचे, रचना ठरवायची, सूचना द्यायच्या आणि मग हाताची घडी घालून सामना पाहायचा. खेळाडूचा वेग, निर्णयशक्ती, अंदाज असे गुण एक ते वीस या मापात दिलेले असतात. संघाची मनोवृत्ती अतिबचावात्मक ते अतिआक्रमक अशा सात पायऱ्यांत ठरवता येते.

मी इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतील एक दुबळा संघ घेतला होता. दुबळ्याने प्रतिहल्ल्याचा खेळ खेळावा, एवढे ऐकून ठाऊक होते. म्हणून मी सर्वांत खालची पायरी निवडली आणि अकराही जणांना आपल्या गोलासमोर उभे केले. पहिले सहा सामने ओळीने हरलो! खोलीतला माझा मित्र आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आहे. तो म्हणाला, “लेका, माऊस फिरवून कुणाला घाम येतो व्हय? त्यापरीस झोप की.”

झोप आली नाही. चूक कोठे होती ते शोधू लागलो. आमचे बचावपटू चेंडू लांब टोलवत होते, पण पुढे तो घ्यायला कोणीच नव्हते. आघाडीचा खेळाडूही मीच मागे ओढून ठेवलेला. चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडे जाई आणि पुढची लाट येई. याला बचाव म्हणता येईल, प्रतिहल्ला म्हणता येणार नाही.

हा खेळ व्यवस्थापकाला जे प्रश्न विचारतो त्यांतील तीन येथे महत्त्वाचे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना तुमची फळी कोठे उभी राहणार? चेंडू गमावला की लगेच झडप घालणार की मागे येऊन रचना सावरणार? आणि चेंडू मिळाला की थांबणार की धावणार? मी पहिल्या दोहोंची उत्तरे दिली होती. तिसरे कोरेच ठेवले होते, आणि प्रतिहल्ल्याचा प्राण नेमका तिसऱ्यात आहे.

याचे कारण साधे आहे. प्रतिस्पर्धी हल्ला करतो तेव्हा त्याचे बाजूचे बचावपटू पुढे आलेले असतात. त्याची शेवटची फळी मध्यरेषेशी पोचते आणि तिच्यामागे गोलरक्षकापर्यंत मोकळे रान पडते. चेंडू हिसकावल्यानंतरचे काही क्षणच हे रान मोकळे राहते. शिवाय नियम असा की, पास निघण्याच्या क्षणी खेळाडू स्वतःच्या अर्ध्या मैदानात असेल तर तो ऑफसाइड ठरत नाही. म्हणून एक चपळ गडी मध्यरेषेच्या अलीकडे ठेवायचा, चेंडू पायात न देता मोकळ्या जागेत द्यायचा, आणि त्याच्यासोबत आणखी दोघा-तिघांनी धावायचे.

साताऱ्याच्या माणसाला हे नवे का वाटावे? अफझलखानाचा तळ वाईला होता. उघड्या मैदानात त्याच्या फौजेपुढे टिकाव लागणे कठीण. शिवाजी महाराज प्रतापगडावर गेले आणि खानाला जावळीच्या अरण्यात पुढे येऊ दिले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेट झाली, आणि दबा धरून बसलेले मावळे खाली उतरले. एवढे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुढचे अनेकदा विसरतो. महाराज विजयानंतर गडावर विसावले नाहीत. अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला! मागे सरणे, जागा निवडणे आणि मग क्षण न दवडता दूरवर धावणे, असे हे तीन अंकी नाटक आहे. मी पहिल्याच अंकावर पडदा पाडत होतो.

फुटबॉलमधील ठळक उदाहरण लेस्टर सिटीचे. आदल्या हंगामात चौदाव्या स्थानी राहिलेला हा संघ २०१५-१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली ८१ गुणांसह इंग्लंडचा विजेता ठरला. चेंडूवरचा ताबा बहुधा प्रतिस्पर्ध्याकडेच असे. पण कान्तेने चेंडू हिसकावला की मोकळ्या जागेत वार्डी धावत सुटे. त्याने त्या हंगामात लीगमध्ये २४ गोल केले.

मात्र हे औषध सर्व रोगांवर चालत नाही. प्रतिस्पर्धीही मागेच बसला, तर मोकळे रान उरत नाही. माझा संघ सुधारला, मोठ्या संघांना त्याने हरवले. पण तळाच्या संघांशी बरोबरीच होई, कारण ते पुढे येतच नसत.

एके रात्री कर्णधार माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाकडून आमचा संघ शून्य-पाच असा हरला होता, आणि परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोलले नव्हते. यंदा पुन्हा तोच संघ समोर होता. त्याने वही पुढे सरकवली आणि म्हणाला, “काढून दाव.”

सामन्याला मीही गेलो. मध्यंतराला शून्य-एक असे मागे होतो. उत्तरार्धात आमच्या मुलांनी चेंडू हिसकावला, तीन पास झाले आणि गोल! सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा आमची फळी अजून विस्कळीतच होती, आणि मिनिटभरात आम्ही दुसरा गोल खाल्ला. एक-दोन असे हरलो.

दोष माझा होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात, कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या चमूत होता त्या भारतीय संघाचेही असेच झाले होते. जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा या स्पर्धेतील पहिला गोल केला, आणि लगोलग कोलंबियाने दुसरा गोल करून सामना जिंकला. हे मला ठाऊक होते. वहीत लिहायचे राहून गेले. ज्या क्षणाची वाट आपण पाहतो, तोच क्षण आपण प्रतिस्पर्ध्यालाही देत असतो.

परतीच्या एसटीत मात्र या वेळी कराड येईपर्यंत वाद चालला होता. कर्णधाराने वही परत मागितली आहे. पुढच्या वर्षीचे पान कोरे ठेवले आहे.