कोंबडीची पिल्ले : ऊब हवी, पण शेगडी घरात नको

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांनी गिरिराज जातीची एक दिवसाची पन्नास पिल्ले आणली आहेत. घरी आधीची महिनाभराची वीस पिल्ले आहेतच. सगळी एका खुराड्यात ठेवली तर चालतील का, आणि थंडी वाढल्याने रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी का, असे त्या विचारतात. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. आरोग्याच्या सदरात कोंबड्या कशाला, असे कुणी म्हणेल. पण शेगडीच्या प्रश्नात पिल्लांपेक्षा माणसांचा जीव अधिक गुंतलेला आहे. म्हणून आधी तोच घेतो.

१९९६ च्या जानेवारीत मी अकोले तालुक्यात पशुवैद्यक होतो. पिल्ले रात्री गारठून मरतात, अशी एका शेतकऱ्याची तक्रार होती. मी घाईत होतो. "शेगडी ठेवा," एवढे सांगून मोटारसायकलला किक मारली. पिल्ले ठेवली कोठे आहेत, हे विचारलेच नाही. ती होती घरच्यांच्या निजण्याच्या खोलीत. दार-खिडकी बंद, फटीत गोणपाट कोंबलेले. पहाटे म्हातारी उठली, तिने कशीबशी कडी काढली आणि उंबऱ्यातच कोसळली. दार उघडले म्हणून सारे वाचले. दोन्ही मुलांना उलट्या होत होत्या, सून शुद्धीवर नव्हती. दवाखान्यात प्राणवायू लावावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हातारीने एवढेच विचारले, "डागदर, धूर तर नव्हता, मग झालं काय?"

धूर नसतो, हीच तर फसगत आहे. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. तेव्हापासून 'शेगडी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी मी 'कोठे' हे विचारतो.

मग ऊब द्यायची कशी? पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाजवळ सुमारे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला पाच अंशांनी कमी करावी. पडवीत किंवा वेगळ्या खोलीत पत्र्याचे अथवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करा. गोलच हवे, कोपरा असला की पिल्ले तेथे एकावर एक चढून गुदमरतात. पन्नास पिल्लांना सुरुवातीला चार फूट व्यास पुरतो, पण आठवड्यानंतर कडे वाढवत न्यावे. खाली दोन इंच भाताचे तूस. वर साठ वॅटचे दोन दिवे टांगा, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. दिवे जुन्या तारेचे हवेत. हल्लीच्या एलईडी दिव्याला उजेड असतो, ऊब नसते. या एका चुकीपायी मेलेली पिल्ले मी पाहिली आहेत. वीज गेली तर पिल्ले भोके पाडलेल्या खोक्यात घालून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवाव्यात.

उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी आहे. दिव्यापासून दूर पळून चोच उघडी टाकत असतील तर उकाडा आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून वारे येते आहे. सगळीकडे पसरून, दाणे टिपत असतील तर तुम्ही निश्चिंत झोपा.

आता वयाचा मुद्दा. महिन्याचे पिल्लू एक दिवसाच्या पिल्लाला टोचते, दाण्यावरून हाकलते, हे दिसते तरी. न दिसणारे अधिक घातक. रक्ती हगवणीचे जंतू थोरल्यांच्या विष्ठेत असतात, आणि थोरली मात्र ठणठणीत दिसतात. तेच तूस धाकट्यांच्या पोटात गेले की पडझड सुरू होते. म्हणून दोन्हींची जागा, पाण्याची भांडी आणि झाडू वेगळा. कामही आधी धाकट्यांचे, मग थोरल्यांचे. उलट कधीच नाही. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावी. घरी खुडूक कोंबडी असेल तर दहा-बारा पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवून पाहावीत. दिवसा दिली तर ती परकी म्हणून टोचते.

मुंगूस आणि घूस यांना बोटभर फटही पुरते, तेव्हा कोंबड्यांची मोठी जाळी उपयोगाची नाही. बारीक जाळी घ्या आणि ती वीतभर जमिनीत पुरा. मांजर घरचे असले तरी विश्वास नको.

आणखी एक. मुले पिल्लांचे मुके घेतात, छातीशी धरतात. पिल्लांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्याने लहान मुलांना तापासह जुलाब होतात. हात लावल्यावर साबणाने धुवायला लावा, आणि पिल्लांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत विसळू नका.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी आजच संध्याकाळी पन्नास पिल्ले पडवीत हलवावीत. वीस थोरली खुराड्यातच राहू द्या. शेगडी चहासाठी अंगणात ठेवायला हरकत नाही.