नावापुढचं गाव

नाशिककरांना ‘कर’ या प्रत्ययाची ओळख करून द्यायला नको. निफाड तालुक्यातल्या शिरवाड्याचे ते शिरवाडकर. ‘नटसम्राट’ लिहिणाऱ्या तात्यासाहेबांचं हे आडनाव आपण घरच्यासारखं घेतो. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, सिन्नर, संगमनेर मागे टाकलं, की जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव येतं. या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते विठाबाई नारायणगावकरांनी.

दोन्ही आडनावांची घडण एकच. पण तमाशातला ‘कर’ थोडा निराळा वापरला जातो. तो फडाचा पत्ता असतो. जत्रेची सुपारी द्यायला आलेल्या गावकऱ्यांना फड कुठला, हे त्यावरून कळतं. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे. रसिकांच्या तोंडी ते काळू-बाळू कवलापूरकर. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे मात्र करवडीकर. आई एका गावाची, लेक दुसऱ्या गावाची. म्हणजे हे आडनाव वंशापेक्षा फडाच्या मागे चालतं.

यात एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तमाशा उभा केला तो बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. गावगाड्यात महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर असे. ज्या गावानं वेशीच्या आत घर दिलं नाही, त्याच गावाचं नाव या माणसांनी आपल्या नावापुढे लावलं आणि गाजवलं.

मग जात लपवण्यासाठी गावाचं नाव घेतलं का? विठाबाईंच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. त्यांच्या फडाचं नाव होतं ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. भाऊ हे वडील, मांग ही जात आणि शेवटी गाव. फडाची गाडी ज्या गावात शिरे, तिथे हे सगळं नाव उघडपणे शिरे.

विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. 2002 मध्ये त्या गेल्या. पुढे राज्य शासनानं त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्या पुरस्काराच्या नावात ‘विठाबाई नारायणगावकर’ एवढंच आहे. मधले दोन शब्द गळाले. कदाचित आदरापोटीच गळाले असतील. पण ज्या बाईनं ते जन्मभर फलकावर मिरवले, तिच्या नावातून ते वगळण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? निदान बोलताना तरी तिचं नाव पूर्ण घ्यावं.